गणिताची सावड

आमच्या शाळांतून गणित शिकवितात असें सरकार म्हणतें, मास्तर म्हणतात आणि फी घेणारे क्लासवालेही म्हणतात. आम्ही म्हणतों, आमच्या पोरांना गणित शिकविलें जात नाहीं. त्यांच्याकडून तें उतरवून घेतलें जातें. फळ्यावरून वहींत, वहींतून पेपरांत आणि पेपरांतून वाऱ्यावर! पोरगें एकटें बसतें, मान खालीं घालून बसतें, शेजाऱ्याच्या वहींत डोकावलें तर कान पिळून घेतें, आणि उत्तर चुकलें कीं 'हें तुझ्या डोक्याचें काम नव्हे' असा शिक्का कपाळीं घेऊन घरीं येतें. आईबापांनाही तें खरें वाटतें. 'आमच्या घराण्यांत कोणाला हिशेब आला, तो याला यावा?' असें म्हणून तीं स्वस्थ बसतात. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमच्या या स्वस्थपणावर घाव घालण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

हिशेब न येणाऱ्याचें काय होतें, हें आमच्या वाडवडिलांनीं भोगलेलें आहे. १८७५ सालीं १२ मे रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुप्याच्या बाजारांत शेतकरी उठले, आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्यांचा मुख्य रोख कशावर होता? सोन्यानाण्यावर नव्हे, तर सावकाराच्या घरांतील कर्जरोख्यांवर. ते कागद हातीं येतांच त्यांनीं जाळले. कां जाळले? कारण त्या कागदांवरचा आंकडा दरसाल कसा फुगतो हें त्यांना कळत नव्हतें, आणि विचारायला जावें तर ज्याची वही त्याचीच साक्ष! ज्याला आंकडा वाचतां येतो तो आंकड्याशीं भांडतो. ज्याला येत नाहीं त्याच्या हातीं फक्त काडेपेटी उरते. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्खनच्या शेतकऱ्यांसाठीं सरकारला कायदा करावा लागला. परंतु कायद्यानें कोणाला त्रैराशिक येत नाहीं.

म्हणूनच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना जोतीराव फुल्यांनीं प्राथमिक शाळेंत मोडी व बालबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब मागितला, शेतीचें ज्ञान मागितलें. आणि शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार केलेले, त्या लोकांत मोकळेपणानें मिसळणारे असावेत अशी मागणी केली. शाहू छत्रपतींनीं करवीर राज्यांत १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि लगेच १९१८ सालीं कुळकर्णी वतनें काढून गांवचें दप्तर पगारी तलाठ्यांच्या स्वाधीन केलें. हीं दोन कामें पाठोपाठ झालीं, तीं कांहीं उगाच नव्हे. ज्याच्या हातीं हिशेब त्याच्या हातीं गांव, हें त्या पुरुषांनीं ओळखलें होतें.

आतां सावकाराची लाल वही मागें पडली. तिच्या जागीं बाजार समितींतली पट्टी आली, विजेचें बिल आलें, बचतगटाच्या कर्जाचा तक्ता आला, मोबाईलवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाचा हप्ता आला, घर बांधून देणाऱ्याचा करारनामा आला. वही बदलली, पण ती वाचणारा बदलला काय?

उदाहरण दूरचें नको, येरवड्याचेंच घेऊं. येरवडा म्हटलें कीं लोकांना तुरुंग आठवतो, मनोरुग्णालय आठवतें, नाहीं तर २४ सप्टेंबर १९३२ चा करार आठवतो. परंतु येरवडा हें हवेली तालुक्यांतलें, मुळामुठेच्या कांठचें गांव होतें. पुणें शहरानें तें गिळलें. आज तेथें दगड फोडणारा वडार, गवंडी, बिगारी, रिक्षावाला, भंगार वेंचणारी बाई अशीं माणसें दाटीनें राहतात. मी हवेलींतल्याच एका खेड्याचा शाळामास्तर. मराठी अध्यापक विद्यालयांत शिकलेला, मोठ्या कॉलेजचें तोंड न पाहिलेला. माझे सोयरे येरवड्याच्या वस्तींत राहतात, म्हणून तेथें माझें जाणेंयेणें आहे. त्या वस्तींत जें गणित मी पाहिलें, तें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं.

वडाराला 'ब्रास' काय तें विचारा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा खडीचा थर म्हणजे एक ब्रास, शंभर घनफूट. तो ढिगाऱ्याकडे एक नजर टाकतो आणि दीड ब्रास कीं पावणेदोन, तें सांगतो. त्याच वडाराचें पोरगें शाळेंत 'घनफळ' या धड्यावर नापास होतें! भंगार वेंचणाऱ्या बायांचें पाहा. कागदाचा भाव निराळा, काचेचा निराळा, पत्र्याचा निराळा, प्लास्टिकचे तर चारपांच प्रकार. पोतें खांद्यावरून उतरण्यापूर्वींच तिच्या डोक्यांत बेरीज झालेली असते. १९९३ सालीं पुण्यांत कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि वजनांत व भावांत मार खावा लागूं नये म्हणून या बायांनीं पुढें स्वतःचें भंगाराचें दुकानही काढलें. ज्यांना शाळेनें 'ढ' म्हणून बाहेर काढलें, त्याच बाया एकत्र बसल्या आणि त्यांनीं तराजूला जाब विचारला.

आणखी एक गोष्ट सांगतों. २००९ सालापासून पुढल्या चारपांच वर्षांत येरवड्याच्या नेताजी नगर, मदर तेरेसा नगर वगैरे वस्त्यांतून केंद्र सरकारच्या योजनेखालीं घरें झालीं. लोकांना उचलून शहराबाहेर फेंकलें नाहीं. ज्याच्या त्याच्या जागींच घर बांधलें. घर सुमारें २७० चौरस फुटांचें, खर्च सुमारें तीन लाखांचा, आणि त्यांतला दहावा हिस्सा कुटुंबानें घालावयाचा. या कामांत महिला मिलनच्या बायका पुढें होत्या. घरोघरीं मापें घेतलीं गेलीं, नकाशे वस्तींत मांडून त्यांवर बोलणें झालें. आतां पाहा यांत गणित किती! ज्याची जागा १३५ फुटांची, त्याला मजले किती? ज्याची जागा २७० हून मोठी, त्यानें काय सोडावें आणि त्याबदल्यांत काय मिळवावें? दोघां शेजाऱ्यांनीं एक भिंत सामाईक घेतली तर खर्च कोणाचा किती वांचतो? दहावा हिस्सा म्हणजे तीस हजार. ते महिन्याला पंधराशें बाजूला टाकून भरावयाचे तर वीस महिने लागतात, मग तोंवर काय? असले प्रश्न कोणीही एकट्यानें, तोंड मिटून, तीन तासांच्या पेपरांत सोडवीत नाहीं. ते ओट्यावर बसून, भांडून, बोटें मोजून, पुन्हां मोजून सुटतात. गांव करी तें राव काय करी, म्हणतात तें असें.

मग आमचीं पोरें वस्तींत हुशार आणि वर्गांत ढ, हें कसें? हा प्रश्न एकट्या येरवड्याचा नाहीं. ब्राझील देशांतील रेसिफे शहरांत रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांची तपासणी झाली. तिचा वृत्तांत १९८५ सालीं छापला गेला. बाजारांत गिऱ्हाईक होऊन विचारलें तेव्हां मुलांचीं शंभरांतलीं ९८ उत्तरें बरोबर आलीं. तींच गणितें कागदावर नुसत्या आंकड्यांत मांडून दिलीं तेव्हां शंभरांतलीं ३७ बरोबर! आपल्या देशांतही कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अशीच तपासणी झाली व ती २०२५ सालीं 'नेचर' या विलायती नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. बाजारांतल्या मुलांना शाळेचें गणित येईना, आणि ज्यांनीं फक्त शाळा केली होती त्यांना बाजाराचें गणित येईना. म्हणजे दोन्हीकडे तोटाच! शाळेनें बाजाराकडे पाठ फिरविली, म्हणून बाजारही शाळेला ओळखीत नाहीं. मधला पूल बांधावयाचा कोणी?

तो पूल म्हणजे सावड. तुम्हांला सावड सांगावयास नकोच. एकट्याची बैलजोडी, एकट्याचे हात पुरत नाहींत, म्हणून आज माझ्या शेतांत तुम्ही, उद्यां तुमच्या शेतांत मी. कोठें तिला इर्जिक म्हणतात. पेरणीला सावड चालते, विहिरीला चालते, मांडव घालायला चालते. मग ती गणिताला कां चालूं नये?

वर्गांतली सावड अशी. चार मुलांचा एक गट. त्यांत एक जलद, एक धिमें, एक बोलकें, एक मुकें. एकाच आळीचीं चार नकोत, नुसते मुलगे किंवा नुसत्या मुली नकोत. गटाला प्रश्न एक, कागद एक आणि पेन्सिलही एकच. म्हणजे बोलल्याशिवाय गत्यंतर नाहीं. पहिलीं पांच मिनिटें कोणी लिहावयाचें नाहीं. प्रश्न काय आहे तो आपापल्या शब्दांत एकमेकांस सांगावयाचा. मग रीत शोधावयाची. मास्तरानें उत्तर द्यावयाचें नाहीं. त्यानें गटागटांतून हिंडावें आणि 'कशावरून?' एवढेंच विचारावें. शेवटीं फळ्यापाशीं कोणाला बोलवावयाचें तें मास्तर ठरवील, आणि बहुधा तो त्या मुक्या पोरालाच बोलावील. त्याला सांगतां आलें तर सगळ्या गटाला आलें. त्याला सांगतां आलें नाहीं, तर हुशार पोराची वही कितीही सुबक असो, गटाला आलें नाहीं. हा नियम या रीतीचा कणा आहे. शेवटचें शेत नांगरून होईपर्यंत सावडींत औत सुटत नसतें!

आतां एक गणित प्रत्यक्ष पाहूं. सातवीचा वर्ग. प्रश्न कांद्याच्या पट्टीचा. आंकडे मीं सोयीचे घेतले आहेत, पण मांडणी तुमच्या खिशांतल्या पट्टीचीच आहे. वीस गोण्या, दर गोणींत पन्नास किलो, भाव क्विंटलला १२०० रुपये. दर गोणीमागें हमाली ८ रुपये, तोलाई ४ रुपये, गाडीभाडें ६० रुपये. शिवाय घेणारा दर गोणीला एक किलो 'कडता' धरतो. शेतकऱ्याच्या हातांत किती पडले?

एका गटानें सगळा माल एकदम घेतला. दहा क्विंटलचे १२,००० रुपये. हमाली १६०, तोलाई ८०, भाडें १,२०० आणि कडत्याचे वीस किलो म्हणजे २४०. वजा जातां उरले १०,३२०. दुसऱ्या गटांत एक मुलगी होती, तिची आई बाजारांत पाटी घेऊन बसते. ती म्हणाली, 'एवढे मोठे आंकडे कशाला? एक गोणी धरा.' पन्नास किलोचे ६००, त्यांतून कडता १२, हमाली ८, तोलाई ४, भाडें ६० गेले, राहिले ५१६. वीस गोण्यांचे १०,३२०. दोन वाटांनीं दोन गट एकाच दारीं आले! त्या दिवशीं वर्गाला जें कळलें तें मीं दहा वेळां फळ्यावर लिहून कळलें नसतें: गणिताला वाट एकच नसते, आणि दोन वाटा एका ठिकाणीं मिळाल्या कीं उत्तराची साक्ष पटते.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. तिसऱ्या गटांतलें एक धिमें पोरगें बराच वेळ कागदाकडे पाहत होतें. तें म्हणालें, 'गुरुजी, हमाली आणि तोलाई मिळून २४० आणि कडता एकटाच २४०. हमालानें पाठ मोडून घेतले, तोलणाऱ्यानें उभें राहून घेतले. कडत्यानें काय केलें?' वर्ग गप्प झाला. घरोघरीं हा प्रश्न गेला. पुढल्या आठवड्यांत दोघे बाप आपापल्या पट्ट्या घेऊन शाळेंत आले आणि पोरांच्या मागें बसून हिशेब पाहूं लागले. बंधूंनो, २०१६ सालीं फळें व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घेऊं नये असा निर्णय सरकारनें केला. पण पट्टींतल्या बारीक रकाण्यांत काय काय बसलें आहे, तें पाहणारे डोळे सरकार कोठून देणार? ते शाळेनेंच द्यावयाचे आहेत.

येरवड्याच्या घरावरूनही मीं एक गणित केलें. नऊ फूट रुंद, पंधरा फूट लांब जागा. खालीं-वर मिळून घर २७० फुटांचें. मुलांनीं तें झटकन् केलें. मग एकानें विचारलें, 'जिना कोठें?' जिन्यानें तीन गुणिले नऊ म्हणजे २७ फूट खालीं खाल्ले, तेवढेच वर खाल्ले, राहिले २१६. कागदावरचें घर एक आणि चटई टाकावयाचें घर दुसरें! घर घेतांना 'जिना धरून कीं सोडून?' हा प्रश्न जो विचारील, त्याला कोणी सहजासहजीं फसवूं शकणार नाहीं.

आतां आक्षेप ऐकूं. कारण आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत आणि सगळेच कांहीं दुष्ट नाहींत.

पहिला आक्षेप: वर्गांत गोंगाट होतो. होतो! बाजारांत होतो, ग्रामसभेंत होतो, लग्नांतही होतो. शांत फक्त स्मशान असतें. एकदां एक साहेब तपासणीला आले. मुलें तावातावानें वाद घालीत होतीं. साहेबांनीं कपाळाला आंठ्या घालून शिस्तीविषयीं शेरा लिहिला आणि काय वाद चालला आहे हें न विचारतां गेले. त्यांना हातांची घडी पाहावयाची होती. डोकें पाहावयाचें नव्हतें. आमच्या पोरांना शतकानुशतकें हातांची घडी घालूनच बसविलें आहे. आतां ती सुटूं द्या.

दुसरा आक्षेप: हुशार मुलाचें नुकसान होतें, तें आळशांचें ओझें वाहतें. हा आक्षेप शिकलेल्या घरांतून फार येतो. माझा अनुभव उलट आहे. ज्याला दुसऱ्याला समजावून सांगावें लागतें, त्यालाच आपल्याला कोठें कळलें नाहीं तें कळतें. 'उलटा करून गुणायचा' असें झरझर म्हणणाऱ्या पोराला शेजारचें पोर 'उलटा कां?' असें विचारतें, आणि तेथें त्याची हुशारी अडखळते. तें अडखळणें म्हणजेच शिकणें. राहिला आळशी. शेवटीं फळ्यापाशीं आपणांसच बोलावतील हें माहीत असल्यावर आळस फार दिवस टिकत नाहीं.

तिसरा आक्षेप: ही नक्कल आहे; परीक्षेंत शेजारी कोठून येणार? नक्कल म्हणजे उत्तर चोरणें. सावड म्हणजे रीत वांटून घेणें. चार दिवस चौघांनीं रीत घडवावी, पांचव्या दिवशीं प्रत्येकानें एकट्यानें गणित करावें. मीही तसेंच करवून घेतों. तालमींत जोडीदाराशीं झुंजलेला मल्लच फडांत एकटा उतरतो. तालमीशिवाय फडांत उतरविलेल्या पोराची पाठ लागली तर दोष पोराचा कीं वस्तादाचा?

चौथा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: आमच्या वेळीं पाढे पाठ होते, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी धडाधड म्हणत होतों, आतांच्या पोरांना तेराचा पाढा येत नाहीं. आजोबा, तुमचें म्हणणें मला मान्य आहे. पाढे पाहिजेत. औताला फाळ पाहिजे तसे पाहिजेत. पण फाळ पाजळून ठेवला आणि शेतांत कधीं नेलाच नाहीं, तर पीक येतें काय? सोळा आण्यांच्या काळांत तुम्हीं पावकी शिकलां, कारण ती दररोज कामास येत होती. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि तिचें काम संपलें. पाठांतर कामाच्या मागें चालावें, पुढें नव्हे. २०१९ सालीं दुसरीच्या बालभारतींत 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असें वाचन दिलें, तेव्हां महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्षा मंगलाबाई नारळीकर बिचाऱ्या शांतपणें खुलासा करीत होत्या. संख्या कशी म्हणावी यावर सगळे भांडले. ती म्हणणाऱ्या पोराला वर्गांत तोंड उघडूं देतात कीं नाहीं, हें कोणी विचारलें नाहीं.

पांचवा आक्षेप आमच्या मास्तर बंधूंचा, आणि तोच खरा आहे: वेळ नाहीं. अभ्यासक्रम लांब, वर्ग तीन, मास्तर दोन, आणि वर माहिती भरा, फोटो चढवा, याद्या करा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमांत जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामास जुंपूं नये असें स्वच्छ लिहिलें आहे. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमांत मुलांनीं कृतींतून, शोधांतून, भय न धरतां शिकावें असेंही लिहिलें आहे. म्हणजे मी जें मागतों तें कांहीं बंड नव्हे. तें कायद्यांत आहे. एक कलम धाब्यावर बसविलें कीं दुसरें आपोआप बसतें.

आणि हें होऊं शकतें, याचा दाखला आपल्याच मुलखांत आहे. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटाच्या शाळांत प्रतिभा भराडे यांच्या देखरेखीखालीं शिक्षकांनीं मुलांना गटांत बसविलें, खडे, काड्या, मणी हातीं दिले आणि त्यांना बोलूं दिलें. साऱ्या राज्यांतून शिक्षक तें पाहावयास गेले. पुढें २२ जून २०१५ रोजीं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय निघाला. मग काय झालें? मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलेल्या शाळांचें सांगतों. गांवोगांव फरशांवर रंगीत चौकटी उमटल्या, भिंतींवर आंकडे चढले, फोटो निघाले. फरशा बोलूं लागल्या. पोरें मुकींच राहिलीं! चार मुलें गोल बसविलीं म्हणजे सावड होत नाहीं. गोल बसून चौघांनीं एकाच गाइडांतून उतरविलें, तर तें एकट्यानें उतरविण्यापेक्षां वाईट. कारण त्यांत ढोंगाची भर पडते.

परदेशाची पट्टी लावून हवी असेल तर तीही आहे. जन्मानें हंगेरीचे, पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले पोल्या म्हणून मोठे गणिती होऊन गेले. १९४५ सालीं त्यांनीं एक लहान पुस्तक लिहिलें. गणित सोडविण्याच्या त्यांनीं चार पायऱ्या सांगितल्या: आधीं प्रश्न समजून घ्यावा, मग बेत करावा, तो पार पाडावा, आणि शेवटीं मागें वळून पाहावें. आमच्या शाळांतून यांतली तिसरी पायरी तेवढी उरली आहे. पहिली गाइडवाला चढतो, दुसरी क्लासवाला चढतो, आणि चौथी कोणीच चढत नाहीं. क्लासवाल्याचें तर विचारूंच नका. येरवड्यांतल्या माझ्या एका सोयऱ्यानें मुलीच्या दहावीसाठीं कर्ज काढून एका क्लासची फी भरली. वर्षाअखेर मुलगी मला म्हणाली, 'काका, तिथं प्रश्न विचारला कीं सर म्हणतात, वेळ जातो.' प्रश्नाला वेळ नाहीं, असल्या ठिकाणीं फी कशाची?

केंद्र सरकारनें २०२१ सालीं 'निपुण भारत' ही मोहीम काढली आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावें असा संकल्प सोडला. संकल्प चांगला आहे. पण अंकज्ञान म्हणजे काय तें सरकारनें ठरविण्याआधीं आपण ठरवावें. पोराला ४३२ भागिले ६ येतें, एवढ्यावर संतोष मानावयाचा कीं सहा भावंडांत ४३२ रुपये वांटतांना कोणावर अन्याय झाला तें त्याला सांगतां यावें असें म्हणावयाचें? मी दुसरें मागतों. आणि दुसरें आलें कीं पहिलें त्याच्या मागोमाग येतें.

म्हणून माझ्या मागण्या थोडक्यांत सांगतों. मास्तर बंधूंनो, आठवड्यांतून निदान दोन तास गणिताची सावड घाला. मुक्या पोराला फळ्यापाशीं आणा. मुलींच्या हातीं पेन्सिल द्या, त्यांना नुसतें 'अक्षर चांगलें आहे, तूं लिही' असें सांगून गप्प बसवूं नका. तपासणीच्या साहेबांनो, फोटो मागूं नका. एका पोराला उठवा, 'कशावरून?' एवढेंच विचारा आणि तें काय सांगतें तें ऐका. सरकारनें शिक्षकाला शिक्षकाचेंच काम करूं द्यावें.

आणि आईबापांनो, तुम्हांला सर्वांत मोठें काम आहे. 'किती मार्क पडले?' एवढेंच विचारूं नका. 'आज कोणाशीं वाद घातलास?' हें विचारा. महिन्यांतून एका शनिवारीं शाळेंत या, आणि रित्या हातानें येऊं नका. शेतकऱ्यानें पट्टी आणावी, गवंड्यानें मापाची वही आणावी, भंगारवालीनें भावाची चिठ्ठी आणावी, बचतगटाच्या बाईनें हप्त्यांचा तक्ता आणावा. तुम्हांला लिहितां येत नसलें तरी चालेल. ब्रास कशाला म्हणतात आणि कडता कसा धरतात, हें तुमच्याइतकें त्या शाळेंत कोणालाच ठाऊक नाहीं. मास्तराला ठाऊक नाहीं, पुस्तकाला ठाऊक नाहीं. पोरांच्या मागें बसा, बोला, आणि चुकतील तेथें अडवा.

सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कागद जाळले, कारण कागदाशीं बोलण्याची दुसरी तऱ्हा त्यांना कोणी शिकविली नव्हती. त्यांच्या पणतवंडांच्या हातीं काडेपेटी नको, पेन्सिल पाहिजे. आणि ती पेन्सिल चौघांनीं मिळून धरलेली पाहिजे. एकट्या पोराला 'तुला कळत नाहीं' म्हणून घरीं पाठवितां येतें. चौघें मिळून 'कशावरून?' असें विचारूं लागलीं, म्हणजे उत्तर द्यावेंच लागतें.

— हवेली तालुक्यांतील एक शाळामास्तर